राजीखुशीने लिहून दिलेले वऱ्हाड

मराठी मुलखात कुठलेही बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र किंवा मृत्युपत्र उघडा, शेवटच्या पानावर एक वाक्य हमखास सापडते: हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून दिला आहे. पक्षकार कचेरीत पाऊल टाकण्याआधीच दस्तलेखकाने ते टाइप करून ठेवलेले असते. ज्याने खरोखर खुशीने सही केली त्याच्याही दस्तात ते असते आणि ज्याचा हात धरून अंगठा उमटवला त्याच्याही. म्हणजे पुरावा म्हणून त्याची किंमत जवळजवळ शून्य. अनुचित प्रभावाच्या कायद्याची सगळी अडचण इथूनच सुरू होते आणि त्याचे सगळे शहाणपणही. ज्याच्यावर प्रभाव पडला तो स्वतःच आपण मुक्त असल्याचे लिहून देतो, तेव्हा कागद कितीही बारकाईने वाचला तरी हाती काही लागत नाही. पाहावे लागते ते कागदाच्या आधी दोघांत काय नाते होते याकडे. या पुस्तकातली बहुतेक प्रकरणे घर, मठ, दवाखाना आणि सावकाराची पेढी यांच्याभोवती फिरतात. प्रस्तावनेत मात्र मी मुद्दाम एक असे उदाहरण घेतो, जे कुठल्याही न्यायालयाच्या निकालसंग्रहात मिळणार नाही. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड प्रांत ब्रिटिश सरकारला कायमच्या पट्ट्याने दिला, वर्षाला २५ लाख रुपये खंडाने. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, एलिचपूर, बाशीम हा सगळा कापसाचा, मराठी बोलणारा मुलूख. माझे म्हणणे असे, की अनुचित प्रभाव म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण नाही, आणि ते स्वच्छ आहे ते नेमके त्यात कोणी आवाज चढवला नाही म्हणून.

आधी कायदा पाहू. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे सोळावे कलम आज आपण वाचतो ते मूळचे नाही. १८९९ च्या सहाव्या कायद्याने ते नव्याने लिहिले गेले आणि अशा कराराचे काय करायचे हे सांगणारे १९-अ कलमही तेव्हाच घातले गेले. नव्या कलमाची मांडणी पायरीपायरीची आहे. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत गाजवू शकेल अशा जागी असला पाहिजे, आणि त्या जागेचा उपयोग करून त्याने गैरवाजवी फायदा उपटलेला असला पाहिजे. अशी जागा कोणाला आहे असे मानायचे? ज्याची दुसऱ्यावर खरी किंवा वरवर दिसणारी सत्ता आहे त्याला. ज्याच्यावर दुसऱ्याने विश्वास टाकला आहे त्याला. आणि वय, आजार किंवा विपन्नावस्था यांनी ज्याचे मन दुबळे झाले आहे त्याच्याशी जो करार करतो त्याला. यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. हुकमतीची जागा सिद्ध झाली आणि व्यवहार सद्सद्विवेकाला धक्का देणारा दिसला, की शाबितीचा भार उलटतो. प्रभाव वापरला नाही, हे बलवानाने दाखवायचे. कलमाखाली जी उदाहरणे दिली आहेत त्यांत एक गावच्या सावकाराचे आहे: त्याच्या कर्जात आधीच बुडालेला माणूस त्याच्याकडूनच जाचक अटींवर नवे कर्ज घेतो, तेव्हा व्यवहार स्वच्छ होता हे सावकाराने सिद्ध करायचे. लगेच पुढे बँकेचे उदाहरण आहे. बाजारात पैशाची टंचाई असताना बँकेने जबर व्याज मागितले आणि गरजूने ते कबूल केले, तर तो नेहमीचा धंदा, त्यात अनुचित काही नाही. दोन्हीकडे गरज आहे, दोन्हीकडे चढे व्याज आहे. फरक एवढाच, की सावकाराच्या दारी माणूस आधीच अडकलेला होता.

हा फरक न्यायालयांनी किती कडकपणे पाळला ते प्रिव्ही कौन्सिलने रघुनाथ प्रसाद विरुद्ध सरजू प्रसाद या खटल्यात दाखवून दिले. बापलेकाचे मालमत्तेवरून भांडण चालू होते आणि त्या भांडणाचा खर्च भागवायला एकाने सुमारे दहा हजारांचे कर्ज घेतले, चोवीस टक्के चक्रवाढ व्याजाने. अकरा वर्षांत रक्कम लाखाच्या वर गेली. आकडे ऐकूनच कोणालाही वाटेल की हा करार मोडीत निघाला असणार. तो निघाला नाही. प्रिव्ही कौन्सिल म्हणाले, आधी नाते दाखवा. अटी अन्यायाच्या आहेत का हा प्रश्न त्यानंतरचा. ऋणकोला पैशाची निकड होती एवढ्यावरून धनको त्याच्या इच्छेचा मालक ठरत नाही. उलट टोकाला १८९० चे अलाहाबादचे मन्नूसिंग प्रकरण आहे. तिथे वृद्ध यजमानाने परलोकीच्या पुण्यासाठी सारी मालमत्ता गुरूला देऊन टाकली. ना धमकी, ना तगादा. तरीही ते दान टिकले नाही, कारण गुरूचे यजमानावरचे वजनच तेवढे होते. आधी नाते, मग अटी हा क्रम निर्दय वाटला तरी मला तो बरोबर वाटतो. वाईट सौदा करण्याचा हक्क शहाण्या माणसाला असलाच पाहिजे, नाहीतर बाजारच बंद पडेल. तेव्हा वऱ्हाडचा करार मोजायचा तर २५ लाख कमी होते का, इथून सुरुवात करून चालणार नाही. निजाम आणि कलकत्त्याचे सरकार यांच्यात १९०२ पूर्वी नेमके काय होते, इथून करावी लागेल.

एक आक्षेप इथेच निकाली काढतो. राज्याराज्यांतला तह म्हणजे करार नव्हे, त्याला करार कायदा लावणे हा पोरखेळ आहे, असे कायदेपंडित म्हणतील. त्यांच्या बाजूला आधारही आहे. तंजावरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर कामाक्षीबाईसाहेब या राणीने कंपनी सरकारवर दावा लावला, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये सांगून टाकले की ही राज्यकृती आहे, तिची चौकशी कुठलेही देशी न्यायालय करू शकत नाही. हे मला मान्य आहे. निजामाला अमुक कोर्टात दाद मागता आली असती, असे मी म्हणतच नाही. पण या व्यवहाराची भाषा कोणाची होती? थकबाकी, व्याज, तारण, हिशेब, शिल्लक, पट्टा, खंड. रणांगणावर जिंकलेला मुलूख कोणी खंडाने घेत नाही. इंग्रजांनी निजामाशी कधी वऱ्हाडसाठी लढाई केली नाही. त्यांनी त्याच्याकडून प्रत्येक टप्प्यावर सही घेतली. ज्यांनी आपला हक्क संमतीवर उभा केला, त्यांना त्यांच्याच विधिमंडळाने संमतीसाठी ठरवलेले माप लावणे अन्यायाचे कसे ठरेल? शिवाय १९०२ चा करार घडवून आणणारे कर्झन व्हाइसरॉय म्हणून आले जानेवारी १८९९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी सोळावे कलम नव्याने लिहिले गेले त्याच वर्षी. माप जुने होते किंवा परके होते, अशी तक्रार करायलाही जागा नाही.

नाते बरेच आधी सुरू होते. १८०० च्या तहाने निजामाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी बल्लारी, कडप्पा वगैरे मुलूख कायमचा देऊन टाकला होता. त्या फौजेचे पैसे तिथेच फिटले. त्याच तहाच्या बाराव्या कलमात एक वेगळी अट होती: युद्ध झाले तर निजामाने आपले सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला द्यायचे. युद्ध झाले तर. रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या काळात या कधीमधीच्या मदतीची कायमची फौज झाली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची आणि निजामाच्या खर्चाची. पुढे तिलाच हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. मराठ्यांशी आणि पेंढाऱ्यांशी शेवटची लढाई संपली तरी ती फौज राहिली आणि तिचे बिल चालू राहिले, वर्षाला सुमारे ४० लाख. राज्याचा कारभार चंदूलाल यांच्याकडे होता आणि इंग्रजांच्या मर्जीवर त्यांची खुर्ची टिकून होती. पगार वेळेवर देता यावेत म्हणून मध्ये आली विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादेतली पेढी. देशी संस्थानिकांना कर्ज द्यायला इंग्रज प्रजाजनांना पार्लमेंटच्या कायद्याने बंदी होती, म्हणून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांनी १८१६ मध्ये या पेढीला खास परवानगी दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड हा हेस्टिंग्ज यांच्या आश्रयाने वाढलेल्या मुलीचा नवरा होता. फौज रेसिडेंटची, पेढी रेसिडेन्सीच्या सावलीतली आणि वसुली निजामाच्या तालुक्यांतून. १८२० मध्ये रेसिडेंट होऊन आलेल्या मेटकाफ यांनी हे सगळे उजेडात आणले, पेढी बुडाली. पण तिचे देणे फेडायला निजामाला उत्तर सरकारांच्या पेशकशीवरचा वर्षासन हक्क सोडून द्यावा लागला. कलमाच्या उदाहरणातला सावकार आणि त्याच्या कर्जात आधीच बुडालेला माणूस, दोघेही इथे आहेत. सावकारच कोतवाल असला तर काय होते, हे मात्र त्या उदाहरणात नाही.

१८५३ चा तह या नात्यातला उघडा प्रसंग. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी १८५१ मध्ये निजाम नासिर-उद्-दौला यांना जे पत्र पाठवले त्याचा मथितार्थ असा होता, की तुमचे नावनिशाण पुसून टाकू शकेल अशा सत्तेचा राग ओढवून घेऊ नका. आणि हेच डलहौसी आपल्या टिपणात कबूल करत होते, की १८०० च्या बाराव्या कलमामुळे शांततेच्या काळातही ही फौज पाळणे निजामाला बंधनकारक होते, असे सांगण्याची सूचना एक प्रामाणिक माणूस म्हणून आपण रेसिडेंटला देऊ शकत नाही. देणेच नीट सिद्ध होत नव्हते, तरी देण्यापोटी मुलूख हवा होता. रेसिडेंट कर्नल लो यांच्याशी निजामाची बोलणी कित्येक आठवडे रेंगाळली. मग १४ मे १८५३ ला सहायक रेसिडेंट डेव्हिडसन यांनी दिवाण सिराज-उल्-मुल्क यांना एक चिठ्ठी लिहिली. बोलणी आटोपली, असे रेसिडेंट आज संध्याकाळी आपणांस सांगतील; आणि जाता जाता, माझ्या पुतण्याचे पुण्याहून पत्र आहे, तिथल्या गोऱ्या पलटणींना हैदराबादकडे कूच करण्याच्या तयारीचे हुकूम सुटले आहेत. पुतण्याचे पत्र! सरकारी खलित्यात जे लिहिता येत नाही ते घरगुती बातमीच्या वेष्टनात कसे पोचवावे, याचा हा नमुना जपून ठेवण्यासारखा आहे. आठवड्याभरात, २१ मे रोजी, तहावर सही झाली आणि वऱ्हाड, रायचूर दुआब, धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली झाला. दिवाण त्या महिनाअखेरीआधीच वारले. करार कायद्याच्या भाषेत हा प्रकार पंधराव्या कलमाच्या, म्हणजे बळजबरीच्या जवळ जातो आणि म्हणूनच माझ्या विषयाच्या दृष्टीने तो दुय्यम आहे. पण त्या सहीत एक गोष्ट इंग्रजांना मिळाली नाही. डलहौसी यांना मुलूख कायमचा हवा होता. निजामाने ते शब्द घालू दिले नाहीत. मुलूख नेमून दिला गेला तो फौजेच्या खर्चासाठी, शिल्लक उरेल ती निजामाला परत करण्याच्या बोलीवर. पन्नास वर्षे वऱ्हाड इंग्रजांकडे होते ते, साध्या भाषेत, ताबेगहाण म्हणून.

१८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले आणि १८६० च्या पुरवणी तहात त्याचे बक्षीस मिळाले: ५० लाखांचे कर्ज माफ, रायचूर आणि धाराशिव परत, शोरापूर वरकडी. वऱ्हाड मात्र राहिले. आता कर्ज नव्हते, फक्त फौजेचा चालू खर्च होता. बक्षिसाच्या त्याच कागदात निजामाने आणखी एक गोष्ट लिहून दिली: वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागणार नाही, मागचाही नाही आणि पुढचाही नाही. पहिले सालारजंग यांनी दिवाणगिरीचे आयुष्य बरेचसे या एका गाठीवर खर्च केले. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख रक्कम ठेवतो, मुलूख सोडा, अशी त्यांची मागणी होती. १८७६ मध्ये ते विलायतेला गेले, लंडनने त्यांचा सत्कार केला, वऱ्हाड दिले नाही. सरकारचे उत्तर असे, की निजाम अज्ञान आहेत, ते वयात येऊन कारभार हाती घेईपर्यंत हा विषय काढता येत नाही. ज्या करारांनी मुलूख गेला ते वयात आलेल्या निजामांनी केले होते. तो परत मागायला मात्र अज्ञान निजामाचे वय आडवे आले. सोळाव्या कलमाखालचे पहिलेच उदाहरण अज्ञानपणी दिलेल्या पैशाचे, मुलगा सज्ञान होताच त्याच्याकडून जादा रकमेचे खत लिहून घेणाऱ्या बापाचे आहे. मी ते उदाहरण ताणणार नाही. पण हे अज्ञान निजाम, महबूब अली खान, तिसऱ्या वर्षी गादीवर आले, सरकारच्या देखरेखीखाली वाढले आणि त्यांना अधिकार दिले ते १८८४ मध्ये खुद्द व्हाइसरॉयने, हे विसरूनही चालणार नाही.

आता १९०२. १८९९-१९०० च्या दुष्काळाने हैदराबाद संस्थान कर्जात होते आणि धनको पुन्हा भारत सरकारच होते. रेसिडेंट बार यांच्यामार्फत बोलणी झाली आणि ३० मार्चला कर्झन आणि महबूब अली खान समोरासमोर बसले. त्या भेटीत धमकी नव्हती. कर्झन यांच्याच वृत्तान्तावरून दिसते ते एवढेच, की निजामाने विचारले, हा प्रस्ताव नाकारला तर पुढेमागे वऱ्हाड परत मिळण्याची काही शक्यता आहे का. उत्तर मिळाले, नाही. मग निजाम म्हणाले, तसे असेल तर पट्टा मान्य आहे. नोव्हेंबरात सही झाली. वऱ्हाडवरचे निजामाचे स्वामित्व कागदावर पुन्हा मान्य झाले, ताबा आणि संपूर्ण अधिकार कायमचे गेले, बदल्यात २५ लाखांचा खंड. त्यातूनही सुरुवातीला जुन्या कर्जाची वजावट. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि कंटिंजंट हिंदी सैन्यात विरघळून गेली. ज्या फौजेसाठी मुलूख तारण ठेवला ती फौजच उरली नाही. तारणाचे कारण संपत आले होते नेमक्या त्याच वेळी तारण सोडवण्याचा हक्क लिहून घेतला गेला. गहाण व्यवहारात धनकोने ऋणकोकडून सोडवणुकीचा हक्क विकत घेतला की न्यायालये भिंग लावून तो व्यवहार पाहतात, ती उगाच नव्हे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथे येतो. निजामाला नाही म्हणता आले असते. नाही म्हटल्याने त्यांचे काही नवे नुकसान होणार नव्हते. आहे तेच चालू राहिले असते. वजिरांशी बोलायला त्यांच्याकडे सात महिने होते. याला दडपण म्हणायचे कसे? याचे उत्तर मला 'आहे ते चालू राहिले असते' या शब्दांतच दिसते. आहे ते म्हणजे काय, तर मुलूख धनकोच्या ताब्यात, हिशेब मागण्याची सोय नाही, शिल्लक धनको सांगेल तेवढी, आणि वाद झाला तर निवाडा करणाराही धनकोच. दोन दारे दाखवली गेली आणि दोन्ही एकाच घरात उघडत होती. धमकीची गरज तिथेच पडते जिथे समोरच्याला बाहेर जायची वाट आहे. सल्लागारांचे म्हणाल, तर सल्ला मिळणे आणि स्वतंत्र सल्ला मिळणे या दोन गोष्टी आहेत. सिंगापूरच्या एका निरक्षर वृद्धेने पुतण्याला सारी मालमत्ता लिहून दिली, तिला वकिलाने सल्लाही दिला होता. तरी १९२८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ते दान रद्द केले, कारण ती जवळजवळ सगळेच देऊन टाकते आहे हे त्या वकिलाला ठाऊक नव्हते आणि मृत्युपत्राचा साधा पर्यायही त्याने तिला सुचवला नव्हता. हैदराबादच्या सल्लागारांना सगळे ठाऊक होते, हे खरे. पण ज्या दरबारात दिवाणाची नेमणूक भारत सरकारच्या पसंतीवाचून होत नसे, तिथे 'नको, सही करू नका' असे सांगणारा आवाज कितीसा मोठा असणार? सात महिन्यांनी यात फरक पडत नाही. वेळ उपयोगी पडतो तो परिस्थिती बदलण्याजोगी असेल तर.

दुसरा आक्षेप किमतीचा. २५ लाख ठरलेले आणि खात्रीचे होते. आधीची शिल्लक कधी यायची, कधी नाही. हे खरे आहे आणि १९०२ च्या एका वर्षापुरते पाहिले तर सौदा वाईट दिसत नाही. 'कायमचा' हा शब्द घातला की चित्र पालटते. वऱ्हाडात मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी झाली होती, रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला गेली होती, कापसाची पेठ मँचेस्टरशी जोडली गेली होती. वाढणारे उत्पन्न एका पारड्यात आणि कधीही न वाढणारा आकडा दुसऱ्यात. १९३६ मध्ये नवा करार झाला तेव्हाही आकडा तोच होता, २५ लाख. कोणता मालक आपली जमीन कायमची आणि खंडवाढीच्या अटीवाचून देईल? दिली असेल तर का दिली, हे खंडकऱ्याने सांगावे, एवढेच सोळावे कलम मागते.

याला जोडून कोणी म्हणेल, वऱ्हाडच्या रयतेचे भलेच झाले; निजामाच्या अमलाखालच्या मराठवाड्याशी शाळा, रस्ते, न्यायालये यांची तुलना करा. करावी. निकाल बहुधा वऱ्हाडच्या बाजूने लागेल. शिवाय निजाम काही दीनदुबळा विधवा पक्षकार नव्हे. त्याच्याच राज्यात उचल घेतलेला मजूर भगेला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या दारात राबत होता, आणि अशा करारांवर निर्बंध घालायला निजाम सरकारलाच विसाव्या शतकात कायदा करावा लागला. नजराणे घेणाऱ्या दरबाराने संमतीच्या मुक्ततेवर बोलावे, यातला विनोद मलाही दिसतो. पण हे कलम सज्जनांसाठी राखीव नाही. मूर्ख, उधळ्या, जुलमी माणसाचीही सही दडपून घेता येत नाही. रयतेच्या भल्याचा मुद्दा तर करार कायद्याच्या बाहेरचा आहे: रयतेला ना १८५३ मध्ये कोणी विचारले, ना १९०२ मध्ये, आणि दोन्ही पक्षकारांपैकी कोणी तिच्या वतीने करार करत असल्याचा दावाही केला नव्हता. तिसऱ्याचे भले झाले म्हणून दोघांतला व्यवहार शुद्ध होतो असे म्हटले, तर गुरूने दानातून अन्नछत्र चालवले की मन्नूसिंगाची संमतीही मुक्त ठरेल.

इतके सारे मांडूनही हुकमतीची जागा सिद्ध करायला मला कोणत्याही इतिहासकाराची साक्ष लागत नाही. ती ब्रिटिश सरकारने स्वतः लिहून दिली आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये निजाम उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉय रीडिंग यांना लांबलचक पत्र पाठवून वऱ्हाड परत मागितले. वडिलांची संमती मुक्त नव्हती, हा त्यातला एक आधार होता. नकार आल्यावर त्यांनी चौकशीसाठी आयोग मागितला आणि या प्रश्नात आपण ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकतो असा पवित्रा घेतला. २७ मार्च १९२६ च्या पत्राने रीडिंग यांनी ते सारे फेटाळले. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, ही सर्वोच्चता केवळ तहांवर उभी नाही, आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी समान पायरीवर वाटाघाटी करण्याचा दावा करता येणार नाही, असा त्या पत्राचा गाभा आहे. आयोग तर नाहीच, कारण एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरू नये, हे तत्त्व. हे लिहिणारे गृहस्थ व्हाइसरॉय होण्याआधी इंग्लंडचे लॉर्ड चीफ जस्टिस होते. निकाल लागला म्हणायला कोणा तटस्थाने ऐकून घ्यावे लागते, हे त्यांना मी सांगायला नको. संस्थानी राजकारणाच्या इतिहासात हे पत्र सार्वभौमत्वाचा जाहीरनामा म्हणून वाचतात. मी ते सोळाव्या कलमाच्या पहिल्या पायरीवरचा कबुलीजबाब म्हणून वाचतो. समान पायरी कधीच नव्हती असे १९२६ मध्ये म्हणणाऱ्याने, १९०२ मध्ये समान पायरीवरच्या दोघांनी खुशीने केलेला करार म्हणून तो कागद पुढे करू नये. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

उरतो शेवटचा बचाव, मागाहून दिलेल्या मान्यतेचा. दडपणाखाली झालेला करार आपोआप रद्द होत नाही; ज्याच्यावर दडपण आले त्याने तो रद्द करून घ्यायचा असतो, आणि दडपण सरल्यावर त्याने तो मान्य केला तर हक्क गेला. निजामांनी १९०२ नंतर दरसाल खंड घेतला. २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने त्यांनी हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम हा किताब घेतला, युवराजांना प्रिन्स ऑफ बेरार म्हणवून घेतले आणि कारभार मध्य प्रांताबरोबर चालू द्यायला संमती दिली. ही मान्यता नव्हे काय? दडपण सरले होते असे दाखवता आले, तर होय. पण ज्या सत्तेने दहा वर्षांपूर्वी बरोबरीचा हक्कच नाकारला, ती १९३६ मध्येही तिथेच होती. ती गेली १९४७ मध्ये, आणि तोवर वऱ्हाडचा प्रश्न दोघांच्याही हातात राहिला नव्हता. तेव्हा मान्यतेचा बचाव मला टिकाऊ वाटत नाही. अडचण आहे ती दाद देण्यात. १९-अ कलम म्हणते, करार रद्द करताना दुबळ्या पक्षाला त्यातून काही लाभ झाला असेल तर न्यायालयाने योग्य वाटतील त्या अटी घालाव्यात. म्हणजे घेतलेला खंड एका बाजूला आणि मुलखाचे निव्वळ उत्पन्न दुसऱ्या बाजूला मांडून वजाबाकी करायची. आणि तो हिशेब मागण्याचा हक्क निजामाने १८६० मध्येच सोडून दिलेला होता, कर्जमाफीच्या आनंदात, राजीखुशीने.